किळसेला सुट्टी

विमानातला चमचा वैजयंती मुळीकने रुमालाने पुसला, पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा पुसला आणि शेवटी न्याहारीचा डबा न उघडताच बाजूला सारला. हा चमचा काल कुणाच्या तरी तोंडात होता, त्या तोंडात किडलेले दात असतील, जिभेवर पांढरा थर असेल, एवढं मनात आल्यावर पुढे जाणं शक्यच नव्हतं. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, नंदकुमारने, स्वतःचा उपमा संपवला होता. त्याने तिचाही डबा ओढून घेतला.

"बँकॉकला सकाळी उतरतोय आणि सिडनीचं विमान संध्याकाळी," तो म्हणाला. "आख्खा दिवस आहे हातात. तिथंही पिशवीतली बिस्किटं खात खुर्चीवर बसून राहायचं का?"

"बसू की. काय बिघडतं?"

"माझं बिघडतं. शिमल्याची सगळी सहल तू केळ्यांवर काढलीस. मावसबहिणीच्या घरी पाणी प्याली नाहीस, ती अजून बोलून दाखवते. एकदा तरी माणसासारखं फिरू या."

त्यात खोटं काही नव्हतं. सांगलीच्या एका हायस्कुलात वैजयंतीने हयातभर जीवशास्त्र शिकवलं होतं. बुरशी आलेली भाकरी, कोंबडीचं काळीज हातात धरून तिने मुलांना दाखवलं होतं, तेव्हा तिचा हात कधी मागे आला नव्हता. नंदकुमारचं गावात चष्म्याचं दुकान होतं. एकुलती एक मुलगी ऋजुता सिडनीत नोकरीला होती, तिथेच तिचं लग्न ठरलं होतं, आणि दोघं त्या लग्नालाच निघाली होती.

जन्मापासून वैजयंती अशी नव्हती. ही किळस तिला थोरल्या भावाच्या शेडमध्ये लागली.

प्रताप जगदाळे, तिचा दादा, दवाखान्यांना सामान पुरवायचा. इंजेक्शनच्या सुया, सलाईनच्या नळ्या, हातमोजे. ऋजुता लहान असताना तिच्या वाढदिवसाचं आमंत्रण द्यायला वैजयंती न कळवताच त्याच्या गावाबाहेरच्या शेडवर गेली. आत निळी पिंपं होती. पिंपांत साबणाचं पाणी होतं आणि ते गुलाबी झालं होतं. भोवती बायका उकिडव्या बसून, भंगारवाल्याकडून पोत्यांनी आणलेल्या वापरलेल्या सुया धूत होत्या. एक जण नळीत अडकलेली रक्ताची गाठ केसाच्या पिनेने उकरून काढत होती आणि निघाली की बोट परकराला पुसत होती. धुतलेला माल ताडपत्रीवर उन्हात वाळत पडलेला, त्यावर माश्या. पलीकडे एक यंत्र तोच माल कोऱ्या पाकिटांत भरून वर नवी तारीख छापत होतं. सडक्या रक्ताचा आणि लिंबाच्या वासाच्या पावडरीचा असा एकत्र वास तिच्या नाकात शिरला, तो पुन्हा निघालाच नाही.

पुढे तालुक्यात कावीळ पसरली. शेजारच्या घरातली कुंदा, वैजयंतीचीच विद्यार्थिनी, बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली आणि सलाईनबरोबर ती कावीळ अंगात घेऊन घरी आली. बाळ रांगायला लागायच्या आत कुंदा गेली. वैजयंतीने कोर्टात भावाविरुद्ध साक्ष दिली. बाकीचे साक्षीदार उलटले, पुरावा टिकला नाही, प्रताप सुटला आणि बँकॉकला जाऊन कसलासा व्यापार करू लागला. आईने मरेपर्यंत वैजयंतीशी अबोला धरला. भावाचं नाव वैजयंतीने पुन्हा घेतलं नाही. पण तेव्हापासून दुसऱ्याच्या घरचा पेला, हॉटेलातली उशी, बसची दांडी, जे दिसेल त्याला तिला ते गुलाबी पाणी लागलेलं वाटायचं.

सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारून ती दोघं बाहेर आली, तसा नंदकुमार तिला सरळ एका काउंटरपाशी घेऊन गेला. समोर कोण उभं आहे हे ओळखून पडद्यावरची जाहिरात मराठी झाली. 'वेळ थोडा आहे? मग शहर नाक मुरडत का बघता?' खाली औषधाचं नाव होतं, 'सहज'.

काउंटरवरची मुलगी थाईत बोलत होती आणि तिच्या कॉलरला लावलेलं यंत्र तेच जरा पुस्तकी मराठीत ऐकवत होतं. "नाकात एकदा फवारावे. सुमारे आठ तास आपणांस कशाचीही किळस वाटणार नाही. कोठेही बसावे, काहीही खावे."

"हे करतं काय नक्की?" वैजयंतीने विचारलं. तिच्यातली शिक्षिका जागी झाली होती.

मुलीने पडद्यावर मेंदूचं चित्र आणलं. त्यातलं निम्मं वैजयंती स्वतःच वर्गात शिकवत आली होती. मेंदूत, कानाच्या वरच्या बाजूला, आतल्या आत दुमडलेली एक घडी असते. तिला इन्सुला म्हणतात. नासलेलं दूध नाकाशी आलं की तिथल्या काही पेशी चेतवल्या जातात आणि हुकूम सुटतो: ओठ मुडप, घसा आवळ, पोट उलटं कर. विष पोटात जायच्या आत अडवायची शरीराची ही फार जुनी तजवीज आहे. 'सहज'मधलं औषध नाकाच्या छतातून, वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने वर चढायचं आणि नेमक्या त्याच पेशींना झोपवायचं. यकृताने औषध निकामी केलं की पेशी पुन्हा जाग्या. शोध लागला होता कॅन्सरच्या रुग्णांसाठी. उपचारांच्या मळमळीने त्यांच्या पोटात अन्न ठरत नसे. मग हात धुऊन धुऊन सालटी काढणाऱ्या रुग्णांना ते देऊ लागले, मग गटारं उपसणाऱ्या कामगारांना. आणि मग ते पर्यटनवाल्यांच्या हाती लागलं. एका दिवसापुरता शहरात उतरणारा प्रवासी निम्मा वेळ नको-नको म्हणण्यात घालवतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"चव जाते का?"

"जात नाही. वासही येतो. फक्त नकोसे वाटत नाही."

हात धुऊन सालटी काढणारे, हे शब्द वैजयंतीला लागले. तिने स्वतःच्या बोटांच्या पेरांकडे पाहिलं. ती कोरडी होऊन चिरली होती. एक दिवस, फक्त एक दिवस ते गुलाबी पाणी दिसलं नाही तर कसं असेल? तिने मान वर करून फवारा मारून घेतला. नाकात ओल्या खडूसारखा वास आला आणि विरला. नंदकुमारने स्वतःची कुपी खिशात टाकली. "मी बाथरूमला जाऊन येतो, तिथंच मारतो," म्हणाला.

शहरात जाणाऱ्या गाडीत गर्दी होती. वैजयंतीने वरची कडी धरली. ती आधीच्या कुणाच्या तरी घामाने चिकट आणि कोमट होती. ती वाट बघत राहिली. काही झालं नाही. कडी कोमट होती, बस्स. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं गं?"

"काही नाही. किती सोपं असतं हो तुम्हा लोकांना."

मग तिला थांबवणं कठीण झालं. शहराच्या मधून जाणाऱ्या एका कालव्यात लांब होड्या बसगाड्यांसारख्या धावतात, त्यात ती हट्टाने कडेला बसली. पाणी डांबरासारखं काळं होतं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कुजकी भाजी आणि फुगून पांढरा पडलेला एक उंदीर तरंगत होता. समोरून होडी आली की बाकीचे प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करत. वैजयंतीने पडदा खाली धरून ठेवला. पाणी सपकन तोंडावर आलं. तिने ओठ चाटला. "खारट आहे," ती हसत म्हणाली, "आणि थोडं रॉकेलसारखं."

बाजारात तिने रेशमाचे तळलेले किडे खाल्ले. दाताखाली ते फुटत आणि आतून शेंगदाण्याच्या कुटासारखं काहीतरी बाहेर येई. मडक्यात महिनोन्‌महिने कुजवलेल्या माशांचं राखाडी पाणी तिने पपईच्या कोशिंबिरीवर आणखी मागून घेतलं. डुकराचं रक्त घालून दाट केलेल्या रश्शातल्या शेवया खायला चमचा नव्हता, तर शेजारी जेवून उठलेल्या म्हाताऱ्याच्या वाडग्यातला चमचा उचलला, तसाच. त्याच्या टोकाला त्या म्हाताऱ्याच्या तोंडचा एक कण चिकटलेला तिला दिसला. दिसला आणि तिने खाल्ला. नंदकुमारने मात्र केळ्याची भजी आणि शहाळं, यापलीकडे कशाला हात लावला नाही.

दुपार चढली तेव्हा तो म्हणाला, "आता जेवायला जाऊ. नदीकाठी जागा आहे. तिथं एक जण वाट बघतोय."

"कोण?"

"रागावू नकोस. प्रतापदादा."

ते नाव ऐकलं की तिच्या पोटात आधी काहीतरी पिळवटायचं, मग घशाशी आंबट यायचं. नेहमीचंच होतं. ती फुटपाथवर उभी राहून त्या पिळवटण्याची वाट बघू लागली. पोटात काही हललं नाही. सगळं आठवत होतं, शेड, पिंपं, कुंदाचे पिवळेजर्द डोळे, पण भूगोलाच्या पुस्तकातल्या डोंगर-नद्यांसारखं. इतक्या वर्षांनी आपण त्याला माफ केलं असणार, असं तिला वाटलं. माफ केल्यावर माणसाला असंच वाटत असेल. ती मोकळेपणाने म्हणाली, "चला की. भेटू."

प्रताप नदीकडेच्या टेबलावर बसला होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, चेहरा मात्र लहान मुलासारखा हसरा. अंगातल्या रेशमी शर्टावर जुन्या रश्शांचे डाग एकावर एक वाळलेले. नखं काळी. डाव्या पायाचं बँडेज सुटून लोंबत होतं आणि त्यातून काळा पडलेला अंगठा बाहेर आला होता. वरच्या जखमेत पिवळं पाणी साठलं होतं, माश्या येऊन बसत होत्या, आणि तो त्यांना हाकलतही नव्हता. मांस सडल्याचा वास टेबलभर होता. तो वास कशाचा ते वैजयंतीला लगेच कळलं. पडद्याचा रंग कळावा तसं कळलं.

"वैजे!" तो ओरडला. "अगं, किती वाळलीस!"

ती वाकली आणि तिने त्याच्या पायांना हात लावला. बोटं ओली झाली. मग तिघं जेवायला बसली आणि आंब्याबरोबरचा चिकट भात तिने त्याच बोटांनी कालवून खाल्ला.

"पायाला काय झालंय दादा?"

"साखर गं. डॉक्टर म्हणतो कापावा लागेल. मला तर काही वाटत नाही त्याचं." त्याने जखमेच्या कडेने खाजवलं आणि तोच हात माशाच्या ताटलीत घातला. "तू शेडवर आलीस तो दिवस आठवतो का? ती पिनवाली रखमा? तू पळत सुटलीस, तशी मला म्हणते, मालक, ताईंना चहा तरी पाजायचा की! आणि चहा कशात देणार होती ठाऊक आहे? सलाईनच्या बाटल्या कापून पेले केले होते तिने!"

वैजयंतीला हसू आलं. प्रतापची सांगायची ढब लहानपणापासून अशीच होती. तो सांगायला लागला की घर हसायचं.

"आणि त्या कुंदाचा बाप," तो पुढे म्हणाला. "निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात तरातरा माझ्याकडे आला. मला वाटलं मारतोय आता. मी सरळ बाकाखाली! आणि तो बिचारा खाली बसून माझे पाय शोधतोय. साहेब, म्हणे, खरं काय ते एकदा मला सांगा, मी कुणाला बोलणार नाही. मी बाकाखालून म्हणतोय, अरे आधी पाय तर सोड!"

वैजयंती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टेबलावर हात आपटत हसली. नंदकुमारही हसत होता.

"ऋजुताच्या लग्नाला ये दादा," हसू आवरत तीच म्हणाली. "मामाशिवाय मुलगी बोहल्यावर कशी चढणार? तिच्या सासरचेही विचारत असतात, मामा कुठं असतात म्हणून."

प्रतापने नंदकुमारकडे पाहिलं. "व्हिसा तर केव्हाच काढून ठेवलाय. तू बोलावशील की नाही, एवढंच होतं." त्याने खिशातून एक कुपी काढली, मान वर केली आणि नाकात फवारा मारला. ओल्या खडूचा वास आला.

"तूही?" वैजयंती म्हणाली.

"रोज. सकाळ, दुपार, संध्याकाळ. विमानतळावर सांगत नाहीत वैजे, पण ह्याची खरी मजा खाण्यात नाहीच. तू मास्तरीण, तुला कळेल. नासलेलं दूध आणि नासलेलं माणूस, यांना डोक्यात वेगवेगळ्या जागा नाहीत. त्याच पेशी दोन्हीकडे बघतात. एक किळस झोपली की दुसरीपण झोपते. पहिल्यांदा मी ते नुसतं जेवण जावं म्हणून मारलं होतं. आणि नंतर आरशासमोर दाढी करायला उभा राहिलो, तर आरशात एक साधा माणूस." तो हसला. "तेव्हापासून बरा आहे मी."

वैजयंतीला सगळं समजलं. ती इतकी वर्षं वर्गात शिकवत आली होती ते आणि हा सांगतोय ते तिने तिथल्या तिथे जोडून पाहिलं. ते बरोबर जुळत होतं. पण जुळूनही तिला काही वाटलं नाही. तिने आणखी भात मागवला.

सिडनीचं विमान वर गेलं आणि जेवणाच्या गाड्या फिरू लागल्या. हवाईसुंदरीने वैजयंतीसमोर ताट ठेवलं. भाताची मूद, पिवळी डाळ. ती चमचा उचलायला गेली आणि तिला आपल्या बोटांना वास आला.

आधी फक्त बोटं. तिने ती ओढणीला पुसली. मग आठवलं, ओढणीलाच तर पुसली होती तेव्हाही. मग एकामागून एक सगळं चालून आलं, दिवसभर बाहेर तिष्ठत ठेवलेल्या माणसांसारखं. कालव्याचं पाणी ओठावर. म्हाताऱ्याच्या तोंडचा कण जिभेवर. दाताखाली फुटलेला किडा. पायाच्या जखमेतलं ते पिवळं पाणी, कोमट, बोटांच्या पेरांतून नखांत, नखांतून भातात, भातातून... तिने समोरच्या खिशातली कागदी पिशवी ओढून तोंडाशी धरली. ती ओकत राहिली. पोट रिकामं झालं तरी पोट थांबेना, आणि मग, शेवटी, ज्याला कुठलीच पिशवी पुरणार नव्हती ते आलं. बाकाखाली वाकून पाय शोधणारा कुंदाचा बाप. आणि टेबलावर हात आपटून हसणारी ती स्वतः.

नंदकुमारने पाण्याची बाटली पुढे केली. "होईल कमी. औषध उतरताना त्रास होतो काही जणांना."

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "खाण्यासाठी नव्हतंच ते. त्याच्यासमोर मला बसवायला होतं."

नंदकुमारने आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल. दादाने मला फोनवर सांगितलं होतं, फवारा मारल्यावर जुन्या गोष्टी टोचत नाहीत. म्हटलं, एक दिवस बघू. पोरीचं लग्न आहे वैजू. मामा का येत नाही याचं उत्तर मी किती जणांना द्यायचं? तुला नुसतं बोलून पटलं असतं का कधी?"

"नसतं पटलं."

"मग? जबरदस्ती तर नाही केली कुणी. तू स्वतः मान वर केलीस. स्वतः त्याला बोलावलंस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही कधी मारलात फवारा?"

"मी?"

"भजी आणि शहाळं याच्यापुढे हात गेला नाही तुमचा दिवसभर. तुम्ही मारलाच नाहीत."

त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. मग खांदे उडवून म्हणाला, "मला लागत नाही. झालं ते झालं, असं आहे माझं. मी तर दरवर्षी बोलतो दादाशी."

म्हणजे त्या टेबलाशी, त्या पायासमोर, त्या गोष्टींना हा माणूस शुद्धीवर हसला होता. वैजयंतीने खुर्चीच्या हातावरचा त्याचा हात पाहिला. लग्नानंतर इतकी वर्षं घरातला हा एकच हात होता ज्याने दिलेलं पाणी ती पेला न विसळता प्यायची. तिने आपलं कोपर आखडून घेतलं.

त्याने आपल्या हातपिशवीतून आणखी एक कुपी काढली. "घे. लग्नाचे चार दिवस तरी घे. हसून खेळून पार पडेल सगळं. मी दोन खोकी घेतलीत."

"माझ्या अंगाला हात लावू नका," ती म्हणाली आणि पिशवी तोंडाशी धरून वळली.

सिडनीला ऋजुता न्यायला आली होती. वैजयंतीने तिला मिठी मारली नाही. "आधी अंघोळ करू दे," म्हणाली. घरी जाऊन तिने कढत पाण्याने अंग घासलं, बोटं घासली, पेरांतून रक्त आलं तेव्हा थांबली. ओढणी कचऱ्यात टाकली. मग न्हाणीघराच्या दाराला कडी लावूनच तिने प्रतापला फोन लावला.

"लग्नाला येऊ नकोस," ती म्हणाली.

"अगं, काल तर हसत बोलावलंस!"

"काल मी नव्हते. आणि ऐक. पाय कुजलाय तुझा. तुला वास येतो पण कळत नाही. आजच्या आज फवारा बंद कर आणि पाय दाखव. नाहीतर त्यातच जाशील."

पलीकडे तो हसला. खरोखरच त्याला गंमत वाटली होती. "बंद केला तर मग मी राहू कसा वैजे, सांग बघू?"

तिने फोन ठेवला आणि बराच वेळ बेसिनच्या कडेला धरून उभी राहिली. तो आपला भाऊ आहे याचंही दुःख होत होतं आणि त्याच्या आवाजानेही ढवळत होतं. दोन्ही एकाच वेळी होत होतं, आणि त्यातलं एकही तिला कमी करून घ्यायचं नव्हतं.

बाहेर ऋजुताने चहा केला होता. नंदकुमार टेबलाशी बसून तिला फोटो दाखवत होता, नदीकाठचे, तिघांचे. "आई, मामा येतोय ना? बाबा म्हणाले तुमचं मिटलं. जमिनीच्या भांडणासाठी इतकी वर्षं बोलायचं नाही म्हणजे काय गं!"

मुलीला जमिनीचं भांडण सांगितलं होतं. तिच्या अंगावर त्या पिंपातला एक थेंबही पडू नये, म्हणून वैजयंतीनेही ते कधी खोडून काढलं नव्हतं. आता ती समोर बसली.

"जमिनीचं नव्हतं," ती म्हणाली, आणि तिने सांगितलं. काही झाकलं नाही. निळी पिंपं, पाण्याचा रंग, केसाची पिन, परकराला पुसलेलं बोट, ताडपत्रीवरच्या माश्या, नवी तारीख. कुंदा. कुंदाचा बाप. आणि काल दुपारी त्यावर आपण कसं हसलो, तेही.

"लग्नाच्या तोंडावर हे कशाला आता," नंदकुमार मधेच म्हणाला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

ऋजुताचा कप हातातच राहिला होता. ऐकता ऐकता तिचा वरचा ओठ हळूहळू मुडपला, नाकपुड्या आवळल्या, आणि तिने हाताने तोंड झाकलं. ते पाहून वैजयंतीला कालपासून पहिल्यांदा धीर आला. मुलीच्या डोक्यातली ती घडी शाबूत होती.

"आणि बाबा," ऋजुताने विचारलं, "तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं? आणि तुम्ही आईला औषध देऊन नेलंत तिथं?"

नंदकुमारने फोन पालथा ठेवला. "घर एकत्र यावं म्हणून केलं गं मी."

ऋजुता नुसती त्याच्याकडे बघत राहिली, तोंडावरचा हात न काढता. मग ती उठली आणि त्याच्यासमोरचा फोटोंचा फोन, शेजारचा त्याचा चहाचा कप, यांना वळसा घालून पलीकडच्या खुर्चीवर आईजवळ जाऊन बसली. ते नंदकुमारने पाहिलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. पुढचे दिवस तो घरात वावरत होता, पण मुलगी खोलीत आली की काहीतरी शोधायला उठून जायचा. त्याला जेवण जाईना. एकदा बाथरूममध्ये त्याला आरशाकडे पाठ करून दाढी करताना वैजयंतीने पाहिलं. आत कुठेतरी त्याचंही काहीतरी जागं झालं असावं, असं तिला वाटलं आणि ती वाट बघू लागली. तो येऊन काही बोलला असता तर तिने ऐकून घेतलं असतं.

लग्न एका बागेतल्या मंडपात झालं. मामाच्या जागी, मुलीच्या पाठीशी, वैजयंती स्वतः उभी राहिली. सासरच्यांपैकी कुणीतरी मामांचं विचारलं, तेव्हा ऋजुतानेच शांतपणे सांगितलं, "आम्ही त्यांना बोलावलेलं नाही." अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, फोटो झाले. आणि नंदकुमार सगळीकडे होता. हसत होता, व्याह्यांना कडकडून भेटत होता, ओळख नसलेल्या मुलांना उचलून घेत होता. ऋजुता पाया पडताना अंग चोरून उभी राहिली, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. पंगतीच्या कडेने फिरताना त्याने कुणाच्या तरी उष्ट्या ताटातली जिलबी उचलून तोंडात टाकली आणि वाढप्याला म्हणाला, "वा! मस्त झालीय."

फोटोवाल्याने दोघांना शेजारी उभं केलं. "काका, आता काकूंना घास भरवा, हसून!"

नंदकुमारने जिलबीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडाशी धरला. त्याची बोटं पाकाने चकाकत होती. तो खूप प्रसन्न दिसत होता, इतक्या वर्षांत नव्हता तेवढा. "किती छान झालं ना गं सगळं?" तो म्हणाला, आणि त्याच्या श्वासातून तिला ओल्या खडूचा वास आला.

"काकू, तोंड उघडा ना," फोटोवाला म्हणाला.

वैजयंतीने ओठ घट्ट मिटले. कॅमेरा वाजत राहिला, नंदकुमार हात पुढे करून हसत उभा राहिला, आणि तिने तोंड उघडलं नाही.